ब्रूस डिकिन्सनने मेडन सोडलं, तेव्हा फॅन्स नक्की काय ऐकत होते?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं की एपिसोड अडकतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी प्रत्येकाने कधीतरी अनुभवलेला आहे. आवडत्या बँडचा गायक बँड सोडतो, मग स्वतःच्या नावाने अल्बम आणतो, आणि आपण प्ले दाबायच्या आधीच थोडे रागावलेले असतो. का? याच्यासाठी मी एकच केस घेतलीय, कारण तिच्यात सगळं सापडतं: आयर्न मेडन आणि ब्रूस डिकिन्सन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मेडन हा लंडनचा हेवी मेटल बँड, बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसने १९७५ मध्ये सुरू केलेला. डिकिन्सन १९८१ मध्ये आला, आणि १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या नंबरवर गेला. आपल्याकडचा धागाही आहे. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांची वर्ल्ड टूर मुंबईत बीकेसीला सुरू झाली. बँड, क्रू आणि सामान घेऊन आलेलं बोइंग ७५७ चालवायला कॉकपिटमध्ये स्वतः डिकिन्सन होता. गायक आणि पायलट, दोन्ही. मी तेव्हा पाचवीत होतो, त्यामुळे मला विचारू नका. पण बीटेकला हॉस्टेलवर एक सीनियर होता, त्याचा मोठा भाऊ त्या शोला गेलेला. त्याच्या हार्ड डिस्कवरून मला मेडन मिळालं. फोल्डरला वर्षांची नावं होती, आणि १९९२ नंतर थेट २००० होतं. मधली आठ वर्षं गायब. कोणीतरी ठरवून कॉपी केली नव्हती.

तीच आठ वर्षं आज बघायची आहेत.

१९९३ मध्ये डिकिन्सनने बँड सोडतोय असं जाहीर केलं. आधीचा अल्बम, १९९२ चा 'फिअर ऑफ द डार्क', ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलेला, त्यामुळे बुडत्या जहाजातून उडी वगैरे प्रकार नव्हता. घोळ असा झाला की टूर आधीच बुक होती. म्हणजे हा माणूस जाणार आहे हे माहीत असलेल्या गर्दीसमोर, तितकंच माहीत असलेल्या बँडबरोबर त्याला महिनोन् महिने गायचं होतं. ऑफिसात राजीनामा टाकल्यावर नोटीस पीरियड काढणाऱ्याकडे टीम कशी बघते, ते आठवा. फक्त इथे टीम स्टेजवर होती आणि बघणारे हजारो. तो सगळीकडे मन लावून गात नव्हता, अशी नाराजी हॅरिसने नंतर उघडपणे बोलून दाखवली. शेवटचा शो २८ ऑगस्ट १९९३ ला, पाइनवूड स्टुडिओत. टीव्हीसाठी शूट केलेला, आणि मध्ये मध्ये जादूगार सायमन ड्रेकचे रक्तबंबाळ प्रयोग. बारा वर्षांच्या नात्याचा निरोप असा! फॅन्सना नीट रडताही आलं नाही.

त्यामुळे १९९४ मध्ये 'बॉल्स टू पिकासो' आला, तेव्हा तो ऐकला जाण्याआधीच त्याच्यावर खटला सुरू झाला होता. प्रश्न एकच: यासाठी सोडलंस?

गंमत म्हणजे हा प्रश्न डिकिन्सनलाही पडलेला असावा. हा अल्बम त्याने जवळपास तीनदा केला. आधी 'स्किन' नावाच्या ब्रिटिश बँडच्या लोकांबरोबर. ते बाजूला ठेवलं. मग लॉस एंजेलिसला निर्माता कीथ ओल्सनबरोबर. तेही जमलं नाही. शेवटी रॉय झी हा गिटारिस्ट आणि त्याचा बँड 'ट्राइब ऑफ जिप्सीज' भेटले, आणि त्यांच्याबरोबरचा अल्बम बाहेर आला. दोनदा अख्खा प्रोजेक्ट टाकून तिसऱ्यांदा लिहायला बसणं काय असतं हे आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. मला तरी हे आळशी किंवा पैशासाठी निघालेल्या माणसाचं लक्षण वाटत नाही. बँडमध्ये काय नको ते त्याला कळलं होतं, काय हवं ते कळायचं होतं.

फॅन्सनी त्यातलं एक गाणं उचललं, 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन'. हळू सुरुवात, मोठा कोरस, आणि मध्येच चक्क रेगेचा तुकडा. हे गाणं डिकिन्सनने एकट्याने लिहिलंय, आणि ते बँड सोडण्याबद्दल आहे असं फॅन्सनी लगेच वाचलं. आता हे नीट बघा. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच, ज्यात मेडनची सावली दिसते. बाकीचा अल्बम? 'बरा आहे, पण मेडनसारखा नाही.'

मग १९९६ चा 'स्कंकवर्क्स'. निर्माता जॅक एन्डिनो, म्हणजे निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच' रेकॉर्ड करणारा माणूस. नवे, तरुण वादक. डिकिन्सनने केस कापले. मेटलवाल्यांसाठी केस कापणं म्हणजे काय, हे लांब केस असलेल्या तुमच्या मित्राला विचारा. ते दिवस असे होते की सिअॅटलच्या ग्रंजने मेटलचा बाजार उठवला होता, त्यामुळे ज्यांनी मेटल धरून ठेवलं होतं त्यांना हा सरळ पक्षबदल वाटला. मला हा अल्बम आवडतो. गाणी छोटी, गिटार कोरडी, आवाज ताणलेला नाही. पण मी तो पंचवीस वर्षांनी, भांडण मिटल्यावर, स्ट्रीमिंगवर फुकटात ऐकला. १९९६ मध्ये खिशातले पैसे घालून सीडी घेतलेल्या पोराची गोष्ट वेगळी.

आणि मग १९९७. 'अॅक्सिडेंट ऑफ बर्थ'. रॉय झी परत, सोबत मेडनचा जुना गिटारिस्ट एड्रियन स्मिथ, कव्हर डेरेक रिग्जचं. म्हणजे ज्याने मेडनचा भुताळी मॅस्कॉट एडी काढला, तोच चित्रकार. कव्हरवरच्या बाहुल्याचं नाव एडिसन, एडीचा मुलगा! शुद्ध हेवी मेटल. पुढच्याच वर्षी विल्यम ब्लेकच्या कवितांवरून सुचलेला 'द केमिकल वेडिंग'. आजही डिकिन्सनच्या फॅन्सना विचारा, बहुतेक जण याच दोनांपैकी एक सांगतील.

पण तेव्हा पेच असा झाला: वेगळं केलं तर 'हा आपला राहिला नाही', आणि मेडनच्या जवळ गेलं तर 'मग गेलास कशाला?' ब्रिटिश चार्टवरचे आकडेच बघा. बँडमध्ये असतानाच काढलेला पहिला सोलो अल्बम, 'टॅटूड मिलियनेअर' (१९९०), १४ व्या नंबरवर. 'बॉल्स टू पिकासो' २१. 'स्कंकवर्क्स' ४१. 'अॅक्सिडेंट ऑफ बर्थ' ५३. 'केमिकल वेडिंग' ५५. आज फॅन्स ज्यांना डोक्यावर घेतात, ते दोन सगळ्यात खाली. पहिल्या आठवड्यात सीडी घेणारे लोक अल्बम ऐकून घेत नाहीत, गायकावर किती भरवसा उरलाय त्यावर घेतात. ऐकण्याचं मत नंतर तयार होतं, आणि ते चार्टवर कधीच दिसत नाही.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. तो नेहमी विसरला जातो.

डिकिन्सनच्या जागी मेडनने १९९४ मध्ये ब्लेझ बेलीला घेतलं. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. जुनी गाणी लिहिलेली डिकिन्सनच्या उंच आवाजासाठी, आणि ती रोज रात्री याने गायची. गर्दीतल्या काहींनी त्याला भरपूर सोसायला लावलं. ज्याच्यावर राग होता तो समोर नव्हता, मग जो समोर होता त्याच्यावर निघाला. 'द एक्स फॅक्टर' (१९९५) आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८) हे त्याचे दोन अल्बम, माझ्या सीनियरच्या हार्ड डिस्कवर नसलेले. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ परत आले, बेली गेला. २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला, आणि जानेवारी २००१ मध्ये मेडन रिओला प्रचंड गर्दीसमोर वाजवत होते.

तो लाइव्ह अल्बम, 'रॉक इन रिओ', जरूर ऐका. त्यात 'साइन ऑफ द क्रॉस' आहे, 'द क्लॅन्समन' आहे. दोन्ही गाणी बेलीच्या काळातली. आता गातोय डिकिन्सन, आणि गर्दी वेडी झालीय. चाल तीच, शब्द तेच, वाजवणारे बहुतेक तेच. आवाज बदलला हे खरं, डिकिन्सन ती चांगली गातो हेही खरं. पण काही वर्षांपूर्वी त्याच गाण्यांना मिळालेला थंडपणा आणि ही गर्जना, यातलं अंतर फक्त गळ्याचं आहे असं मला वाटत नाही. घरातलं भांडण मिटलं होतं, लोक निवांत झाले होते.

सोलो अल्बमचंही तसंच झालं. तो परत आल्यावर 'केमिकल वेडिंग' ऐकणं म्हणजे हॅरिसशी गद्दारी उरली नाही. २०२४ चा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरवर गेला. २०२५ मध्ये त्याने 'बॉल्स टू पिकासो' नव्याने करून 'मोअर बॉल्स टू पिकासो' नावाने काढला. म्हणजे तीनदा केलेला अल्बम चौथ्यांदा!

ऐकायचं असेल तर माझा क्रम असा: आधी 'केमिकल वेडिंग', मग 'स्कंकवर्क्स', आणि 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' शेवटी, कारण ते आधी ऐकलंत तर बाकी सगळ्यात तेच शोधत बसाल. 'साइन ऑफ द क्रॉस' मात्र दोन्ही आवाजांत लागोपाठ ऐका, पहिल्यांदा बेलीचं. अकरा मिनिटांचं आहे, तेव्हा चर्चगेट ते अंधेरी आरामात होतं. कोणतं आवडलं ते व्हॉइस नोटने कळवा, पुढच्या भागात वाजवतो.