सागवानाचा हट्ट आणि आंब्याची फळी

घर बांधावयास काढले की मध्यमवर्गीय गृहस्थ दारे-खिडक्यांसाठी सागवान मागतो आणि भाव ऐकून गप्प होतो. आंब्याची फळी स्वस्त मिळते. पण ती वाळवीच्या तोंडी जाईल, असे सुतारच बजावतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. मात्र सागवानाचा टिकाऊपणाही केवळ त्याच्या गाभ्यात असतो. कीटकांना न रुचणारी द्रव्ये तेथे निसर्गतःच साठलेली असतात. बाहेरचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी पोखरले जातेच. म्हणजे टिकाऊपणा ही जातीची नव्हे, रसायनाची बाब आहे. आणि रसायन बाहेरून भरता येते.

हे जगाला दाखवून देणाऱ्यांत एक भारतीय अग्रेसर होता. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक वाळवीला; आणि क्रोमियम या दोहोंना लाकडात जखडून ठेवते. बंद टाकीत लाकडातील हवा शोषून घेऊन हे द्रावण दाबाने आत मुरवितात. तारांचे खांब व कुंपणे यांसाठी ही पद्धत अनेक देशांनी उचलली.

परंतु आर्सेनिक हे अखेर विषच. अमेरिकेत २००३ अखेर उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडातून ते काढून टाकले. असे लाकूड जाळल्यास राखेत आर्सेनिक उतरते. ज्या देशात लाकडाचे तुकडे चुलीत जातात, तेथे हा धोका क्षुल्लक नव्हे. म्हणून घरातील सामानासाठी बोरिक ॲसिड व बोरॅक्स यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा. ओल्या फळ्या त्या द्रावणात बुडवून काही आठवडे झाकून ठेवल्या की ते आत झिरपते. पावसात ते धुपते, म्हणून उघड्यावर निरुपयोगी. परंतु कपाट, पलंग, शाळेचा बाक यांना पुरेसे. एके काळी सरपणात जाणारे केरळातील रबराचे लाकूड अशाच प्रक्रियेमुळे फर्निचरच्या योग्यतेस चढले.

मात्र वरवर ब्रश फिरविणे म्हणजे प्रक्रिया नव्हे, आणि द्रव्य किती खोल मुरले हे ग्राहकाला डोळ्यांनी कळत नाही. फसवणुकीचे मूळ येथेच आहे. तेव्हा कोणते द्रव्य वापरले व ते किती मुरविले, याचा शिक्का प्रत्येक फळीवर सक्तीचा व्हावा. आणि शासनाने शाळांचे बाक अशाच लाकडाचे घेऊन आरंभ करावा. साग वाढण्यास अनेक दशके लागतात. आंब्याची फळी दुप्पट टिकली, तर तेवढीच झाडे उभी राहतील आणि सामान्य माणसाचे दारही.