उन्हाळी प्रमाणवेळ आणि हरणांची शिकार (अमेरिका)

उन्हाळी प्रमाणवेळ संपली की अमेरिकेतील नोकरदार शिकाऱ्यांची कामाच्या दिवसांतील सायंकाळची शिकार जवळजवळ बंद होते. २००७ पासून तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतली जातात. हवाई आणि बहुतांश ॲरिझोना यांना हा नियम लागू नाही.

पांढऱ्या शेपटीचे हरीण मुख्यतः पहाटेच्या आणि सायंकाळच्या संधिप्रकाशात हिंडते. अनेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकारीस परवानगी असते. हरीण आणि कायदा असे दोघेही सूर्याला बांधलेले. कचेरी मात्र घड्याळाला. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे बदलाच्या आदल्या दिवशी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर बदलाच्या दिवशी पावणेपाचच्या सुमारास. पाचला कामावरून सुटणारा रानात पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते. उत्तरेकडील राज्यांत हरणांचा माज याच महिन्याच्या मध्यास भरात येतो आणि एरवी सावध असणारे नर दिवसाही बाहेर पडतात. त्यामुळे राखून ठेवलेली रजा अनेक जण याच दिवसांत घेतात. सकाळी उजेड तासभर लवकर होतो खरा, पण त्याचा पुरेसा लाभ दुपारपाळीच्या कामगारांनाच मिळतो.

हरणांनाही या बदलाची झळ बसते. कामावरून परतणाऱ्या वाहनांची गर्दी आता अंधारात होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बदलानंतरच्या आठवड्यात हरणे आणि वाहने यांच्या धडका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतात.