गेम अडकतोय म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी पीसीत नेमकं कोण दमलंय ते बघा

"अभ्यासाला लागतो" असं सांगून घरच्यांची समजूत काढलेली असते. पीसी हप्त्यावर येतो, पहिले काही महिने मस्त जातात. मग एक दिवस ऐन मारामारीत स्क्रीन अडकते आणि कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा ९० वरून थेट ३५ वर येतो. मित्रांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "कार्ड बदल." म्हणजे परत वीस-तीस हजार, आणि परत वडिलांसमोर उभं राहणं आलं.

गंमत अशी की बऱ्याचदा कार्डाचा दोषच नसतो. केबल चुकीच्या जागी खोचलेली असते, पंख्यात धूळ साठलेली असते, नाहीतर प्रोसेसर मागं पडलेला असतो. अशा पीसीत नवं कार्ड बसवलं तरी आकडा जिथल्या तिथं राहतो आणि पैसे मात्र जातात.

मुळात एफपीएस म्हणजे काय?

गेम म्हणजे एकामागून एक झरझर येणारी चित्रं. सेकंदाला अशी किती चित्रं तयार होतात, तो आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएस हवे असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवे असतील तर फक्त ६.९.

एवढ्या वेळात दोघांना काम उरकायचं असतं. शत्रू कुठं आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कशी उलटली हा हिशोब प्रोसेसर करतो. त्यावरून चित्र काढणं हे ग्राफिक्स कार्डाचं काम. घरात एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय, तसंच हे. लाटणाराच हळू असेल तर मोठा तवा आणून काय उपयोग?

दोघांत हळू कोण, हे कसं ओळखायचं?

गेम चालू ठेवून विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबा. गेम बार उघडतो, त्यात परफॉर्मन्सची चौकट असते. सगळे आकडे गेमवरच दिसायला हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं.

ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसतोय आणि तरी एफपीएस कमी आहेत? मग कार्ड खरंच जीव तोडून काम करतंय. पण हाच आकडा ५०-६० टक्क्यांवर घुटमळत असेल, तर कार्ड हातावर हात ठेवून बसलंय. गेममध्ये एफपीएसची मर्यादा घातलेली नाही ना, तेवढं आधी तपासा.

इथं बरेच जण फसतात. प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दिसतो आणि वाटतं, हा तर निवांत आहे. पण तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. गेमचं मुख्य काम मात्र अनेकदा त्या एक-दोन थ्रेडवरच अडलेलं असतं.

म्हणून सोपी परीक्षा घ्या. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. त्यामुळे कार्डाचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस झपकन वाढले तर अडचण कार्डाची होती. आकडा हललाच नाही, तर प्रोसेसरकडे वळा. सायबरपंक २०७७ मधली गर्दी किंवा जीटीए ५ मधली लोकसंख्येची घनता कमी केली की त्याचा भार उतरतो. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

फुकटातल्या चुका

सगळ्यात लाजिरवाणी आणि तरीही सर्रास होणारी चूक केबलची. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली की गेम अनेकदा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो, आणि महागडं कार्ड शेजारी बसून राहतं. कॅबिनेटच्या मागं खालच्या बाजूला कार्डाचे आडवे पोर्ट असतात, केबल तिथं हवी.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असूनही विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो, हे दुसरं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं बदला. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर वेग मुद्दाम कमी केला जातो.

रॅमकडे तर कुणी बघतच नाही. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८-८ च्या दोन, यात दोन पट्ट्या सरस, कारण प्रोसेसरला दोन रस्त्यांनी माहिती मिळते. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. शिवाय ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच धावत असते, कारण बायोसमधलं एक्सएमपी चालूच केलेलं नसतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की वेग आणि वापरातल्या खाचा दोन्ही कळतं.

सुरुवातीला झकास, नंतर ढेपाळतो?

पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम छान चालतो आणि मग एफपीएस घसरतात, तेव्हा पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले की जळू नयेत म्हणून स्वतःच वेग कमी करतात. ग्राफिक्स कार्डही तेच करतं. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे मे महिन्यात विदर्भातली खोली ४० अंशांवर गेली की पीसीचं तापमानही तेवढंच वर सरकतं.

कॅबिनेटची बाजू उघडून खेळून बघा. फरक पडला तर हवा खेळत नाहीये. पीसी बंद करून, प्लग काढून धूळ साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगानं फिरून पंखा बिघडू शकतो. काही वर्षं जुना पीसी असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला. काही शे रुपयांचं काम आहे.

आकडा ९० दाखवतो पण गेम झटके देतो, ही तक्रार वेगळी. ९० ही सरासरी असते. मधलं एखादं चित्र ५० मिलिसेकंद घेतं आणि डोळ्याला तोच झटका जाणवतो. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवून बघा. ड्रायव्हर नुकताच अपडेट केला असेल तर काही गेम सुरुवातीला थोडा वेळ अडखळतात, तेवढं थांबा.

आणि कार्डच कमी पडत असेल तर?

तरी लगेच दुकान गाठू नका. सावल्या आणि रे ट्रेसिंग कमी करा. कार्डाची मेमरी ४ जीबीच असेल तर टेक्श्चर खाली आणा. गेममध्ये एफएसआर असेल तर चालू करा, ते अनेक जुन्या कार्डांवरही चालतं. डीएलएसएसला मात्र एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड लागतं.

एवढं करूनही कार्ड ९९ टक्क्यांवर आणि गेम तिशीतच अडकलेला असेल, तर नवं कार्ड घ्यायला हरकत नाही. फक्त जाण्याआधी तीन गोष्टी मोबाइलमध्ये टिपून घ्या : पॉवर सप्लायवर लिहिलेला वॅटचा आकडा, कॅबिनेटमध्ये कार्डासाठी असलेली जागा सेंटीमीटरमध्ये, आणि ७२० वर गेम किती एफपीएस देत होता तो आकडा. ७२० वर कार्ड पूर्ण भरलेलं नसेल, तर नवं कार्ड कितीही भारी असलं तरी त्याच सेटिंग्जवर तुमचा प्रोसेसर त्या शेवटच्या आकड्याच्या फार पुढं जाणार नाही.