हलका सांगाडा आणि सुखाची स्वारी

ओझें कमी करण्याची हांव माणसास फार पुरातन काळापासून आहे. वाटसरू आपलें गांठोडें हलकें करतो, नावाडी आपली होडी हलकी करतो, आणि अलीकडे आपल्या शहरांतील तरुण मंडळी आपली सायकल हलकी करूं लागली आहे. ही सायकल म्हणजे दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे घंटी वाजवीत येणारी काळी सायकल नव्हे. हिचा सांगाडा कार्बनच्या तंतूंचा असतो. ती दोन बोटांनीं उचलून दाखवितां येते. आणि तिची किंमत मात्र लाखाच्या घरांत, व कित्येकदां त्याच्याहि पलीकडे जाते. पुणें, नाशिक, नागपूर येथील पुष्कळ सुशिक्षित घरांतून आज असा प्रश्न उभा राहतो कीं, मुलानें अथवा मुलीनें मागितलेली ही सायकल घ्यावी कीं न घ्यावी? विकणारा दोन गोष्टी सांगतो. एक, ही हलकी आहे म्हणून वेगानें जाते. दुसरी, कार्बन धक्के शोषून घेतो म्हणून अंग दुखत नाहीं. या दोन विधानांत सत्य किती आणि अतिशयोक्ति किती, हें आज पाहावयाचें आहे. शिवाय एक तिसरी गोष्ट आहे, जी दुकानांत बहुधा निघत नाहीं. परंतु स्वाराच्या जिवाशीं तिचाच संबंध सर्वांत निकट आहे.

प्रथम हा कार्बन म्हणजे काय तें पाहूं. आम्हां परळीकरांस हा पदार्थ परका नाहीं. येथील औष्णिक वीजकेंद्रांत जळणारा कोळसा हा बव्हंशीं कार्बनच; मुलांच्या शिसपेन्सिलींत ज्याला आपण शिसें म्हणतों, तेंहि कार्बनचेंच एक रूप. मग जो पदार्थ बोटानें चुरतो, त्याचा सांगाडा सत्तर किलोंचा माणूस कसा पेलतो? याचें रहस्य पदार्थांत नसून त्याच्या मांडणींत आहे. एडिसननें १८७९ सालीं विजेच्या दिव्यांत जो तंतु बसविला, तो सुती दोरा जाळून केलेला कार्बनचाच होता. पण तो ठिसूळ होता. मजबूत तंतूचा शोध पुढें १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यांच्या हातून लागला, आणि त्यानंतरच्या दशकांत जपानांत व इंग्लंडांत त्यास व्यवहाराचें रूप आलें. आज स्वेटरच्या कृत्रिम लोकरीच्या जातीचा एक धागा घेतात. तो ताणून धरून प्रथम हवेंत दोनतीनशें अंश उष्णतेवर भाजतात, आणि मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां हजार अंशांच्या वर तापवितात. इतर द्रव्यें निघून जातात व कार्बनचे कण धाग्याच्या दिशेनें रांगेनें बसतात. असा तंतु केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक असतो. हे तंतु राळेसारख्या एका चिकट द्रव्यांत भिजवून त्यांच्या चादरी करतात, चादरींचे शेंकडों तुकडे कापून सांच्यांत थरावर थर लावतात, आंतून फुग्यानें दाब देतात व भट्टींत भाजतात. यंत्रयुगांतील वस्तु असली, तरी तुकडे लावण्याचें काम अद्यापि पुष्कळसें मनुष्याच्या हातानेंच होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. पोलाद, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम हे तीन धातु घेतले, तर पोलाद सर्वांत जड व सर्वांत ताठ, ॲल्युमिनियम सर्वांत हलकें व सर्वांत लवचीक, आणि टायटॅनियम मधलें. परंतु ताठपणास वजनानें भागिलें, तर तिघांचें उत्तर जवळजवळ एकच येतें! म्हणजे धातु बदलून निसर्गाकडून फुकट असें कांहीं मिळत नाहीं. नळीचा व्यास आणि जाडी बदलूनच काय तें साधावें लागतें. कार्बनच्या चादरीचें तसें नाहीं. तंतूच्या दिशेनें पाहिलें, तर हा भागाकार धातूंच्या तिप्पट भरतो. आणि तंतूच्या आडवा पाहिला, तर धातूंच्या चौथाईइतकाच. वेळूची काठी उभी चिरतांना किती सोपी जाते आणि आडवी मोडतांना किती त्रास देते, तोच हा प्रकार. म्हणून कारागिराचें सारें कौशल्य कोणत्या जागीं कोणत्या दिशेनें तंतु घालावयाचे, यांत आहे. पायडलापाशीं पीळ बसतो, तेथें तिरपे तंतु; ज्या नळीस वांकण्याचा ताण, तेथें उभे तंतु. हें शहाणपण नसेल, तर कार्बन हें नुसतें महाग प्लास्टिक होय.

या शहाणपणाचें फळ शर्यतींत लौकरच दिसलें. १९८६ सालीं ग्रेग लेमाँड हा अमेरिकन स्वार कार्बनच्या सांगाड्यावर बसून फ्रान्सची महायात्रा, म्हणजे टूर द फ्रान्स, जिंकला. १९९२ सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकांत क्रिस बोर्डमन या इंग्रज स्वारानें एकसंध कार्बनच्या सायकलीवर सुवर्णपदक मिळविलें. पुढें सायकली इतक्या हलक्या होऊं लागल्या कीं, आंतरराष्ट्रीय सायकल संघास २००० सालापासून नियम लागू करावा लागला: शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असतां कामा नये. हा नियम आजहि चालू आहे.

आतां विकणाऱ्याचें पहिलें विधान कसोटीस लावूं. चांगल्या पोलादी सांगाड्याचें वजन दोन किलोंच्या आसपास, ॲल्युमिनियमच्याचें सव्वा ते दीड, आणि उत्तम कार्बनच्याचें एक किलोच्या आगेमागें असतें. म्हणजे पोलादाऐवजीं कार्बन घेतल्यास सुमारें एक किलो वांचला. या एका किलोची किंमत काय? आमच्याकडे परळीहून अंबाजोगाईकडे निघालें कीं बालाघाटचे चढ लागतात. समजा, एकूण २०० मीटर उंची चढावयाची आहे. एक किलो वजन तितकें वर नेण्यास जें काम पडतें, तें भागविण्यासाठीं शरीरास लागणारें अन्न साखरेंत मोजलें, तर तें अर्धा ग्रॅम भरतें. चहाच्या चमच्यांतील साखरेचा हा आठवा-दहावा हिस्सा! वेळेच्या भाषेंत सांगावयाचें, तर स्वार, सायकल व सामान मिळून ८० किलो असतील, त्यांचे ७९ झाले. वीस मिनिटांचा घाट दहापंधरा सेकंद आधीं संपला. शर्यतीच्या स्वारास हे पंधरा सेकंद म्हणजे सर्वस्व असूं शकतात. परंतु प्रकृतीसाठीं सकाळीं तीस किलोमीटर जाणाऱ्या गृहस्थास त्यांचा उपयोग काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें. बाटल्यांतून नेलेलें एक लिटर पाणी हा सारा लाभ फेडून टाकतें, आणि पाणी तर घरीं ठेवून चालत नाहीं.

सपाटीवर तर वजनाची मातब्बरी आणखीच कमी. तेथें स्वाराचें खरें भांडण वाऱ्याशीं असतें. वेग दुप्पट करावयाचा, तर वाऱ्याशीं झगडण्यास आठपट जोर लागतो. अशा ठिकाणीं सांगाडा एक किलोनें हलका केल्यापेक्षां कोपर वांकवून अंग थोडें खालीं घेणें अधिक फलदायी होतें, आणि त्यास पैसेहि पडत नाहींत. अर्थात् हलकी सायकल हातास चपळ लागते, जिना चढून घरांत नेतां येते, हे लाभ खोटे नव्हेत. मात्र ते सोयीचे लाभ होत. वेगाचे फार थोडे.

दुसरें विधान सुखाचें. कार्बन धक्के शोषतो काय? येथें शाळेंतील पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम उपयोगी पडतो: एकापुढें एक जोडलेल्या स्प्रिंगांपैकीं जी सर्वांत मऊ, तीच सर्वांत जास्त दबते, ताठ स्प्रिंगेचा वांटा नगण्य. दगडी फरशीवर कापसाची गादी टाकून निजलें असतां अंगास जें मऊ लागतें, तें गादीचें. खालची फरशी शहाबादी आहे कीं संगमरवरी, हें पाठीस कळत नाहीं. सायकलींत गादी म्हणजे टायरमधील हवा. खड्ड्यावर टायर कित्येक मिलिमीटर दबतो. त्याखालोखाल खोगीर आणि त्याची दांडी लवते. सांगाडा तर दोन त्रिकोणांचा बनलेला, आणि त्रिकोण ही भूमितींतील सर्वांत न डगमगणारी आकृति. तो पोलादी असो वा कार्बनचा, वरून खालीं मिलिमीटरभरहि महत्प्रयासानेंच दबतो. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, तेव्हांच सुखाचा मुख्य प्रश्न सुटला होता.

मग कार्बनवर बसणारे पुष्कळ लोक सुख वाटतें म्हणतात, तें सारें भ्रम काय? तसेंहि नाहीं. रस्त्याच्या खडबडीतपणामुळें जो बारीक कंप तळहातांस झिणझिण्या आणतो, तो राळ व तंतु यांच्या मिश्रणांत धातूपेक्षां कांहींसा लौकर विरतो. खोगिराची दांडी कार्बनची व बारीक असली, तर ती खरोखरच लवते. शिवाय शहाणा कारागीर सांगाड्याचा मागील भाग उभ्या दिशेनें किंचित् मऊ व पिळास ताठ असा करूं शकतो. पण हें त्या विशिष्ट सांगाड्याचें यश. कार्बन या नांवाचें नव्हे. शर्यतीसाठीं मुद्दाम ताठ केलेला कार्बनचा सांगाडा एखाद्या साध्या पोलादी सायकलीहून कडक लागूं शकतो.

याउलट टायरची रुंदी वाढवून हवा कमी केल्यास फरक लगेच कळतो. एके काळीं शर्यतीचे स्वार २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे टणक फुगवीत. आज तेच स्वार २८ मिलिमीटर व त्याहून रुंद टायर कमी दाबानें वापरतात. टणक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडींत स्वाराची शक्ति त्याच्याच अंगांत जिरून वाया जाते, हें ध्यानांत आल्यामुळें हा पालट झाला. आपल्या रस्त्यांस तर हें अधिकच लागू आहे. म्हणून सायकल घेतांना विचारण्याचा पहिला प्रश्न असा: या सांगाड्यांत किती रुंदीचा टायर मावतो?

आपल्या महाराष्ट्रांतील स्वारांनीं याची परीक्षा फार कठोरपणें दिली आहे. नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. २०१७ सालीं तीच शर्यत नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ आणि लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीं एकेकट्यानें बारा दिवसांच्या आंत संपविली. पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारें ६४० किलोमीटरांची शर्यत हीहि या वाटेवरील एक पायरी. इतक्या लांबच्या प्रवासांत माणसास थांबविणाऱ्या गोष्टी म्हणजे मान, तळहात, गुडघे आणि बैठक. सांगाडा अंगास बेताचा आहे कीं नाहीं, खोगीर योग्य उंचीवर आहे कीं नाहीं, यांवर तेथें जय-पराजय ठरतो. शेंदोनशें ग्रॅमांवर नव्हे.

आतां ती तिसरी गोष्ट. पोलाद हा प्रामाणिक नोकर आहे. त्यास दुखलें कीं तो वांकून दाखवितो. त्यास पोंचा पडतो, गंज चढतो, रंग फुटतो, म्हणजे मोडण्यापूर्वीं तो बहुधा सूचना देतो. कार्बन वांकत नाहीं. जोराचा टोला बसला, तर आंतले थर सुटतात आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. असा सांगाडा कांहीं काळ चालतो, व मग एखाद्या उतारावर एकाएकीं दगा देतो. विशेषतः पुढच्या चाकास धरणारा चिमटा मोडला, तर स्वारास सांवरण्यास वेळच मिळत नाहीं. म्हणून ज्या घरांत ही सायकल येईल, त्या घरानें कांहीं नेम पाळावे. पडझड झाली कीं नळ्या फडक्यानें पुसून पाहाव्या; निघालेला तंतु फडक्यास अडकतो. पैशाच्या नाण्यानें हलकेच ठोकून आवाज ऐकावा. चांगल्या जागीं तो खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागीं बद्द येतो. मात्र पातळ व जाड जागांचा नाद मुळांतच निराळा असतो, म्हणून संशय येतांच जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें आणि तोंपर्यंत सायकल भिंतीस लावून ठेवावी. खोगिराचे व हँडलचे स्क्रू अंदाजानें आवळूं नयेत. त्यांवर पिळाचा आंकडा छापलेला असतो, व तितकाच पीळ देणारा पाना मिळतो. जास्त आवळल्यानें चिरडलेल्या नळ्या थोड्या नाहींत. नामांकित कारखान्याचें नांव लावलेले नकली सांगाडेहि बाजारांत येतात. स्वस्त मिळाला म्हणून अनोळखी माणसाकडून असा सांगाडा घेणें म्हणजे मुलाचा जीव घासाघिशीस लावणें होय. कार्बन नाजूक आहे असा याचा अर्थ नाहीं. विमानांचे पंख आज त्याचेच होतात, आणि मोडलेली नळी कुशल हातांनीं दुरुस्तहि करतां येते. मात्र त्याची देखरेख निराळी आहे, आणि ती ज्यास जमणार नाहीं, त्यानें तो घेऊं नये.

तेव्हां निष्कर्ष काय? मूल शर्यतींत उतरत असेल, घाटांत सेकंदांचा हिशेब करीत असेल, आणि घरास खर्च झेपत असेल, तर कार्बनचा सांगाडा हें योग्य साधन आहे. त्यास नाद म्हणून हिणवूं नये. परंतु हेतु आरोग्याचा, भटकंतीचा किंवा शाळा-कॉलेजास जाण्यायेण्याचा असेल, तर अंगास बेताचा चांगला पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, रुंद टायर, उत्तम ब्रेक आणि डोक्यास शिरस्त्राण, इतकें घ्यावें. त्यांतून जो पैसा उरेल, त्यांत घरांतील दुसऱ्या मुलासहि एक सायकल येईल. आणि दोघें बरोबर निघालीं, तर एकटें पाठविण्याची आईबापांची काळजीहि कमी होईल.