जुना डबा, नवे कार्ड

जुन्या डेस्कटॉपवर गेम अडखळू लागला की पहिला विचार ग्राफिक्स कार्डाचा येतो आणि हिशेब तिथूनच बिघडतो. कार्ड ही सगळ्या मशीनमधली सर्वांत सुटी वस्तू आहे. आज एका डब्यात, उद्या दुसऱ्यात, परवा विकायला. अडवतात ते मदरबोर्ड, त्यावर बसणारी प्रोसेसरची पिढी आणि वीज पुरवणारा एसएमपीएस. डेस्कटॉप सुधारावा की दुसरा घ्यावा, याचे उत्तर या तिघांकडे असते. जो भाग पुढच्या मशीनमध्ये नेता येईल त्यावर केलेला खर्च टिकतो. जुन्या सॉकेटात घातलेले पैसे बहुधा तिथेच राहतात.

इंदूरच्या विजय नगरमध्ये कार्यालये, मॉल आणि भाड्याच्या खोल्या एबी रोडच्या आसपास एकमेकांना खेटून आहेत. शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेल्या मुलांचे बजेट बेताचे असते, आणि खरेदीसाठी पाय वळतात ते आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे. संगणकाच्या दुकानांसाठी शहरात त्याचे नाव आहे. तिथे जाण्याआधी आपल्या टेबलाखाली काय आहे ते नीट ठाऊक हवे. जुना डेस्कटॉप साधारण दोन जातींचा असतो. एक दुकानदाराने सुटे भाग जुळवून दिलेला, म्हणजे असेम्बल्ड; दुसरा कुठल्या तरी कार्यालयातून निवृत्त झालेला डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर. बाहेरून दोन्ही डबेच, पण सुधारणेच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे.

आधी पिढी पाहावी. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे नाव दिसते. इंटेलच्या कोअर आय५-४५७०मध्ये पहिला ४ हा चौथ्या पिढीचा, आय५-६५००मध्ये ६ हा सहाव्या पिढीचा, आय५-८४००मध्ये ८ हा आठव्या पिढीचा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०११-१२च्या सुमाराची मशीन असेल तर तिच्यावर एसएसडीपलीकडे खर्च करू नये. एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच इंटेलने २०१३मध्ये चौथ्या पिढीत आणला आणि अलीकडचे काही गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. कार्ड कितीही नवे असले तरी त्यावर इलाज नाही. चौथ्या पिढीपर्यंतच्या घरगुती मशीनमध्ये रॅमही डीडीआर३ असते आणि ती पुढच्या बोर्डावर बसत नाही. सहाव्या पिढीपासून डीडीआर४ रूढ झाली, त्यामुळे तिथली रॅम तरी पुढे नेता येते.

आठव्या पिढीची रेषा दुसऱ्या कारणाने महत्त्वाची आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आणि एएमडीचे रायझेन २००० मालिकेपासूनचे, त्यातलेही काही वगळून, स्वीकारते. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था मागते. आडवाटेने ते जुन्या मशीनवर चढवता येते, आणि चढवून देणारेही भेटतात. पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय खेळू देत नाही. ज्याच्यासाठी मशीन सुधारली तोच गेम बंद पडण्याची शक्यता इथे असते.

इंटेलच्या जुन्या बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलण्याचा मोह टाळलेला बरा. सहावी, सातवी आणि आठवी पिढी एकाच एलजीए ११५१ सॉकेटात बसते, पण सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड आठवीचा प्रोसेसर चालवत नाहीत. दिसायला सॉकेट तेच, म्हणून आणलेला प्रोसेसर परत करायची वेळ येते. एएमडीच्या एएम४ सॉकेटाची गोष्ट उलट आहे. २०१७मध्ये पहिले रायझेन प्रोसेसर या सॉकेटावर आले आणि पुढे पाच वर्षांनी आलेला रायझेन ५ ५६००सुद्धा त्याच सॉकेटाचा. बी४५०सारख्या बोर्डावर आधी बायोस अद्ययावत केले की तो चालतो. आधी हा शब्द महत्त्वाचा, कारण बायोस न बदलता नवा प्रोसेसर बसवला तर पडदा काळाच राहतो. ज्याच्या घरी एएम४ बोर्ड आहे त्याने दुसरी मशीन शोधायच्या भानगडीत पडू नये. त्याच्यासाठी सुधारणा हाच स्वस्त मार्ग, आणि तोही चांगल्यापैकी वेगवान.

खेळायचे काय, यावरही बरेच अवलंबून आहे. व्हॅलोरंट २०२०मध्ये आला तो मुळात साध्या मशीनसाठी. सेकंदाला १४४ फ्रेमच्या वर जाण्यासाठी त्याच्या निर्मात्यांनी आय५-९४००एफ आणि जीटीएक्स १०५० टीआय एवढीच शिफारस केली होती. सप्टेंबर २०२३मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक २ त्याहून जड: किमान ८ जीबी रॅम आणि डिस्कवर सुमारे ८५ जीबी जागा. अशा स्पर्धात्मक गेममध्ये फ्रेम बऱ्याचदा कार्डाआधी प्रोसेसरपाशी अडतात. उलट एकट्याने खेळायच्या, देखण्या, मोठ्या गेममध्ये कार्ड आधी दमते. आणि मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर २०० फ्रेम मोजण्यात फारसा अर्थ नाही. तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो.

हार्ड डिस्कवर चालणाऱ्या मशीनला सर्वांत आधी एसएसडी द्यावी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० एमबीच्या पुढे, आणि बारीक बारीक फायली उचलताना हे अंतर अनेक पटींनी वाढते. फ्रेम त्याने वाढत नाहीत, पण गेम उघडायला लागणारा वेळ आणि मधूनच बसणारे झटके कमी होतात. एसएसडी पुढच्या मशीनमध्येही जाते. रॅम १६ जीबी असावी आणि शक्यतो दोन स्टिकमध्ये: एकाच स्टिकवर प्रोसेसरला अर्धीच रुंदी मिळते, आणि वेगळे कार्ड नसेल तर त्याची झळ थेट फ्रेमला लागते. मात्र २०२५च्या अखेरीस एआय सर्व्हरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने त्या डिसेंबरमध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे घरात असलेली डीडीआर४ रॅम कवडीमोल समजून कोणाला देऊन टाकू नये. डीडीआर५ मागणाऱ्या नव्या बोर्डाकडे वळण्याआधी ती वापरता येईल असा बोर्ड पाहावा.

आता कार्ड. मदरबोर्डाचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. एवढ्यात भागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही, आणि कार्यालयीन डब्यांसाठी हीच मर्यादा निर्णायक ठरते. ऑप्टिप्लेक्ससारख्या बारक्या डब्यांचा एसएमपीएस २४० वॉटच्या आसपासचा, वेगळ्या आकाराचा, आणि अनेक मॉडेलांत मदरबोर्डाला जाणारी जोडणीही नेहमीच्या २४ पिनांची नसते. म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस आणून बसवता येत नाही. अंगाने बारीक डब्यात पूर्ण उंचीचे कार्डही मावत नाही. अर्ध्या उंचीचे, लो प्रोफाइल कार्ड मागावे लागते. अशा ठिकाणी फेब्रुवारी २०२४मध्ये आलेले आरटीएक्स ३०५०चे ६ जीबी रूप बसते. ते ७० वॉटमध्ये भागते. जीटीएक्स १६५०ही चालते, पण त्याच्या काही प्रकारांना वेगळी वायर लागते, तेव्हा खोका पाहूनच घ्यावे. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट खाते म्हणून सुचवले जाते. ते चारच लेनवर चालते आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० असलेल्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग घटतो. म्हणजे नेमके ज्यांच्यासाठी ते योग्य वाटते, त्यांनाच ते कमी पडते.

वापरलेल्या कार्डांचा बाजार वेगळाच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाची पद्धत बदलली, कार्डांवर होणारे त्याचे मायनिंग थांबले आणि ढिगाने वापरलेली कार्डे विक्रीला आली. ८ जीबीचे आरएक्स ५८० त्यात खूप दिसते. १८५ वॉट खाणाऱ्या या कार्डाला चांगला एसएमपीएस हवा, आणि त्याच नावाखाली विकला जाणारा २०४८ एसपी हा कमी ताकदीचा प्रकारही असतो. जीटीएक्स १०५० टीआय अजून बरे चालते, पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर बंद केले. ऑक्टोबर २०२८पर्यंत दर तिमाहीला सुरक्षा अपडेट तेवढे मिळतील. वापरलेले कार्ड दुकानातच लावून, अर्धा तास जड गेम चालवून, पंखा आणि तापमान पाहूनच पैसे द्यावेत. इंदूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. हिवाळ्यात शांत वाटलेले कार्ड मे महिन्यात गरगरू लागते, तेव्हा धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट बदलणे हा खर्चाचाच भाग धरावा.

एसएमपीएसवर काटकसर करणे हा स्वस्त गेमिंगमधला सर्वांत महाग सौदा. ५०० वॉट लिहिलेल्या बिननावाच्या डब्यात १२ व्होल्टची क्षमता लेबलच्या निम्मीही नसू शकते, आणि प्रोसेसर व कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. ८० प्लस प्रमाणित, नावाजलेल्या कंपनीचा, काही वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस घ्यावा. तोही पुढे नेता येतो. घरातला ६०० व्हीए यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच पेलतो, हेही मोजावे.

सातव्या पिढीपर्यंतची इंटेल मशीन असेल तर दुसरी घेणे बहुधा योग्य. पण दुसरी म्हणजे सगळीच नवी असे नाही. मॉनिटर, एसएसडी, कीबोर्ड, असेम्बल्ड असेल तर डबा आणि चांगला एसएमपीएसही राहतो. बदलतात बोर्ड, प्रोसेसर आणि गरज पडली तर रॅम. बजेट फारच कमी असेल तर रायझेन ५ ५६००जीसारखा आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. व्हॅलोरंट त्यावर कार्डाशिवायच सुरळीत चालतो, आणि कार्ड पुढे सवडीने येते. तयार मशीन हवी असेल तर आठव्या पिढीपासूनची, पूर्ण उंचीच्या टॉवरची कार्यालयीन मशीन पाहावी. बारीक डब्याची किंमत कमी दिसते, पण कार्ड घेताना ती बचत निघून जाते. नव्या भागांवर १८ टक्के जीएसटी आणि वॉरंटीचे बिल मिळते. वापरलेल्या मालावर दुकानदाराचा शब्द मिळतो, तो लेखी घ्यावा.

उरलेली मशीन अभ्यासाला किंवा घरच्या कामाला चालते, नाहीतर एसएसडीशिवाय, डिस्क पूर्ण पुसून विकावी. बंद पडलेला बोर्ड किंवा जळलेला एसएमपीएस मात्र भंगारवाल्याकडे जाऊ नये. इंदूर महापालिका घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा घेते आणि त्यात ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. असा ई-कचरा सकाळच्या कचरागाडीतच द्यावा.