पणजोबांचा पत्ता आणि पणजीचे नाव

हा लेख वाचण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि त्याच्या तळाशी स्वतःचे नाव लिहा. त्याच्या वर आई-वडिलांची दोन नावे लिहा, त्यांच्या वर आजी-आजोबांची चार. इथवर बहुतेकांना जमेल. आता त्याच्याही वरची आठ नावे लिहून पाहा. पणजोबांची एक-दोन नावे आठवतील. पण आईच्या आईच्या आईचे नाव? थांबली ना पेन्सिल? माझीही तिथेच थांबली होती, आणि मी तर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा, चाळिशी ओलांडलेला मनुष्य!

आमचे घराणे भातकुलीचे. अमरावतीपासून जवळच, पेढी नदीच्या काठचे हे गाव. पिण्याच्या पाण्यापेक्षा खारे पाणीच जिथे जास्त, अशा खारपाणपट्ट्यातला हा मुलूख. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. त्यासाठी प्रवर्गानुसार १९५०, १९६१ किंवा १९६७ सालापूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातली नोंद. मुदत जवळ आलेली, पोर रडकुंडीला आलेली आणि घरात कागद एकही नाही. शोधाचे काम माझ्याकडे आले. पुतणीचा प्रवेश झाला, पण माझा शोध संपला नाही. त्या शोधात मी काय शिकलो, कुठे फसलो आणि विज्ञानाची तिथे कशी मदत होते, ते तुम्हांला सांगतो.

कागद किती जुने?

वंशावळ लिहून ठेवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट सापडला आहे. तो पाचव्या शतकातला. 'भोजकट' राज्यातले एक गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात कोरले आहे. दानाची हकीकत सांगण्याआधी राजाने आपल्या पूर्वजांची नावे क्रमाने दिली आहेत. आणि हे भोजकट म्हणजेच आपली भातकुली, असे अनेक अभ्यासक मानतात! गंमत अशी, की दान हजारांना दिले, पण नावे कोरली ती फक्त ४९ जणांची. म्हणजे तेव्हाही सगळ्यांची नावे नोंदीत येत नव्हतीच.

राजाचे ताम्रपट असतात. तुमच्या-आमच्या पणजोबांचे काय? त्यांच्यासाठी वऱ्हाडात एक फार मोलाची चीज आहे : कोतवाल बुक. गावात कुणी जन्मले किंवा मेले, की त्याची नोंद कोतवालाच्या या वहीत व्हायची. या जुन्या वह्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात सापडतात, आणि त्यांतल्या उताऱ्याला सगळे 'कोतवाल नक्कल' म्हणतात. दुसरी चीज म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. तिसरी, जमिनीचे कागद : सातबारा, फेरफार, खरेदीखत. चौथी, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या नामावळ्या. तुमच्या घरातले कुणी त्र्यंबकेश्वरी किंवा काशीला गेले असेल, तर त्याचे, त्याच्या भावांचे आणि वाडवडिलांचे नाव तिथल्या वहीत असण्याचा संभव आहे.

मात्र कागद शोधताना इतिहास ठाऊक हवा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. भातकुली आज तालुका आहे, पण पूर्वी ती अमरावती तालुक्यात होती. म्हणून कचेरीत विचारताना आजचा तालुका सांगून भागत नाही, त्या काळचा सांगावा लागतो.

तारखांचीही अशीच कथा. जुन्या कागदावर '१८२१' दिसले की घाबरू नका. ते शके असतील तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १८९९ येईल. निजामी अमलातले फसली साल असेल तर ५९० मिळवा. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षारंभ वेगवेगळे असल्यामुळे उत्तरात एका वर्षाचा फरक पडू शकतो, एवढे ध्यानात ठेवा. आणि हो, लिपी बहुधा मोडी! शब्द न तोडता, हात न उचलता लिहिलेली ही लिपी पहिल्या दिवशी मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. रोज अर्धा तास दिला, तर दोन-तीन महिन्यांत नावे वाचता येऊ लागतात. मी शिकलो, तुम्ही तर माझ्याहून लवकर शिकाल.

मी कसा फसलो

शाळेच्या रजिस्टरात माझ्या आजोबांची जन्मतारीख होती १ जुलै १९११. मी कोतवाल बुकात १९११ चे पान उघडले. जून महिन्यात पणजोबांच्याच नावाच्या माणसाला मुलगा झाल्याची नोंद होती. नोंदीत मुलाचे नाव नव्हते, कारण नोंद बारशाच्या आधीच होत असे. मी आनंदाने नक्कल मागणार, तोच सहज पुढची पाने चाळली. १९१३ च्या मृत्यूंमध्ये त्याच माणसाचा दोन वर्षांचा मुलगा गेल्याची नोंद! जो मुलगा १९१३ मध्ये गेला, तो माझा आजोबा कसा असेल? मी तर आजोबांच्या मांडीवर बसलो आहे.

चूक कुठे झाली? पहिल्या नोंदीत बापाच्या नावापुढे त्याच्या बापाचेही नाव होते. ते आखडत्या मोडीत असल्यामुळे मी वाचलेच नव्हते. गावात एकाच नावाची दोन माणसे होती, आणि मी दुसऱ्याच्याच घरात शिरलो होतो. खरी नोंद सापडली १९०९ च्या फेब्रुवारीत. मग १ जुलैचे काय? जुन्या काळी मूल शाळेत घालताना पालकांना तारीख ठाऊक नसे. गुरुजी अंदाजाने वय ठरवत आणि सोयीची तारीख टाकत. जुन्या रजिस्टरांत १ जुलैला जन्मलेली मुले किती आहेत, ते एकदा मोजून पाहा!

प्रयोगशाळेत आपण एकाच मोजमापावर विश्वास ठेवतो का? तीन वेळा मोजतो, त्रुटी किती ते लिहितो. कागदांचेही तसेच करायचे. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. ही कुणी लिहिली? घटनेनंतर किती दिवसांनी लिहिली? लिहिणाऱ्याला ती माहिती कशी कळली? जन्मानंतर लगेच कोतवालाने केलेली नोंद ही सहा-आठ वर्षांनी गुरुजींनी केलेल्या अंदाजापेक्षा भरवशाची.

इथे जुनी वर्तमानपत्रेही उपयोगी पडतात. त्यांत मॅट्रिकचे निकाल असत, कोर्टाच्या जाहीर नोटिसा असत, देणगीदारांच्या याद्या असत. अकोल्याचा 'वऱ्हाड समाचार' किंवा पुढच्या काळातली 'मातृभूमि' यांचे अंक एखाद्या जुन्या वाचनालयात मिळाले, तर धुळीची पर्वा करू नका. वर्तमानपत्राचा मोठा गुण असा, की त्यावर तारीख छापलेली असते. गावात पटकी कधी आली, दुष्काळात चारा छावणी कुठे उघडली हे कळले, की घरातल्या गोष्टींना साल चिकटवता येते. "छपन्नाच्या दुष्काळात आपण पूर्णेपलीकडून आलो," असे आजोबा सांगत. हा छपन्न म्हणजे संवत १९५६, अर्थात १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ.

एक ओळ, दोन मृत्यू

त्याच वहीत १९१८ च्या कार्तिकातली पाने होती. एरवी महिन्याची नोंद पाव पानात मावे; इथे पानामागून पाने भरली होती. सगळ्यांपुढे एकच कारण : ताप. हा इन्फ्लुएंझा. या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. मी हे पुस्तकात वाचले होते. पण त्या पानावर पणजोबांचे नाव दोनदा होते. आधी 'यांची मुलगी, वय ३ महिने'. चार दिवसांनी 'यांची बायको, वय २८'.

आजोबांना धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आणि पणजीचे नाव? ते त्या नोंदीतही नव्हते. ती फक्त 'यांची बायको' होती.

पेशीतली वही

आता तुम्ही विचाराल, "सर, डी. एन. ए. चाचणीने नाव कळले नसते का?" नाही. डी. एन. ए. वर नाव, गाव, जात यांपैकी काहीच लिहिलेले नसते. मग त्यात असते तरी काय?

आपल्या पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. म्हणजे आई-वडिलांचा वाटा निम्मा-निम्मा, आजी-आजोबांचा प्रत्येकी सरासरी एक चतुर्थांश, पणजी-पणजोबांचा एक अष्टमांश. दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज होतात. पण डी. एन. ए. पिढ्यांतून येतो तो मोठ्या तुकड्यांनी, त्यामुळे इतक्या जणांना पुरतील इतके तुकडेच नसतात. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्यात नसतो! ते तुमचे पूर्वज नक्कीच, पण तुमच्या पेशीला त्यांची ओळख नाही.

दोन धागे मात्र न मिसळता सरळ येतात. 'वाय' गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते. आणि पेशीतल्या तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकाँड्रियाचा, १६,५६९ अक्षरांचा छोटा डी. एन. ए. फक्त आईकडून मुलांना मिळतो. मुलगा तो पुढे देऊ शकत नाही, मुलगी देते. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून क्वचित एखादे अक्षर चुकावे, तसे या प्रतींत क्वचित बदल होतात. अशा सारख्या चुकांवरूनच दोन माणसांचा दूरचा संबंध ओळखता येतो.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टर येथे एक सांगाडा सापडला. तो त्याचाच कशावरून? इतिहासकारांनी राजाच्या बहिणीपासून लेक, नात, पणती असा मायलेकींचा धागा कागदोपत्री आजपर्यंत आणला. त्या धाग्यावरच्या हयात व्यक्तींचा मायटोकाँड्रिया सांगाड्याशी जुळला! पुरुषांच्या शाखेतले 'वाय' मात्र जुळले नाही. मधे कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. म्हणजे कागद डी. एन. ए. ला वाट दाखवतो आणि डी. एन. ए. कागदाची परीक्षा घेतो.

आणखी एक गणित करा. २५ वर्षांची एक पिढी धरली, तर ७५० वर्षांत ३० पिढ्या होतात. दोनचा तिसावा घात म्हणजे १०७ कोटींहून अधिक पूर्वज. पण त्या वेळी सगळ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटीही नव्हती! उत्तर सोपे आहे. एकच माणूस आपल्या वंशवृक्षात पुन्हा पुन्हा येतो. आते-मामे भावंडांचे लग्न झाले, तर त्यांच्या मुलाला आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा असतात. फांद्या वर जाऊन एकमेकींत गुंततात, तुमच्या माझ्यासुद्धा. हैदराबादच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतातल्या बहुतेक सर्व समूहांची एकमेकांत मोठी सरमिसळ झाली होती. तेव्हा 'आमचे रक्त शुद्ध' असे कुणी म्हणाले, तर त्याला हे गणित घालावे.

चाचणीबाबत एक सावधगिरी. तुमचा डी. एन. ए. एकट्या तुमचा नसतो, तो तुमच्या भावंडांचा आणि आई-वडिलांचाही असतो. म्हणून घरच्यांना विचारल्याशिवाय तो कुणा कंपनीच्या हवाली करू नये.

नाव सापडले

पणजीचे नाव शेवटी कुठे मिळाले? आजोबांच्या मावसबहिणीची मुलगी जवळच्याच खेड्यात राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मी तिच्या ओसरीवर बसून विचारले. ती आधी हसली, मग म्हणाली, "आतालोक हे मले कोनं इचारलंच नाही, बाप्पा. माह्या आजीची बहीन होती ते." आणि तिने नाव सांगितले, अगदी सहज, जणू कालच भेटली असावी. तिची आजी मरेपर्यंत दर दिवाळीला बहिणीच्या नावाने दिवा लावी.

नंतर घरी येताना मी हिशेब केला. पणजीचा मायटोकाँड्रिया माझ्यात नाही. आजोबांना तो मिळाला, पण ते पुरुष, त्यामुळे तो त्यांच्यापाशी थांबला. या म्हातारीत मात्र तो आहे, बहिणीकडून लेकीला आणि लेकीकडून तिला आलेला. ज्या वाटेने तो आला, त्याच वाटेने नावही आले होते. कागद बापाचा वंश लिहीत राहिला, आणि आईचा वंश बायकांनी तोंडी सांभाळला.

ते नाव आता आमच्या वंशावळीत आहे. तीन महिन्यांच्या त्या मुलीसाठीही एक चौकट काढली आहे. तिचे बारसे झाले होते की नाही, कुणास ठाऊक, म्हणून ती कोरी आहे.

सुरुवातीचा तुमचा कागद अजून समोर आहे ना? अभिलेख कक्षातल्या वह्या उद्याही तिथेच असतील. ओसरीवरच्या आजीचे तसे नाही. म्हणून आज शाळा सुटली, की आधी तिच्याकडे जा. नाव विचारा, माहेरचे नाव विचारा, गाव विचारा, आणि कुणी सांगितले व कोणत्या तारखेला, ते खाली लिहून ठेवा. मोडी मग सावकाश शिका.