व्हॅक्यूम गेजचा काटा आणि नागपूरची उंची

“काटा सोळावर आहे भाऊ, इंजिनचं काम निघालं.” जुनी पेट्रोल गाडी ट्यूनिंगला लावली की हे वाक्य कधी ना कधी कानावर येतं. गेजच्या तबकडीवर बहुधा १७ ते २२ चा हिरवा पट्टा असतो. काटा त्याच्या खाली गेला की इंजिन खराब, असा हिशेब. तो हिशेब समुद्रकाठचा आहे.

इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे, एवढंच हा गेज पाऱ्याच्या इंचांत सांगतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब २९.९ इंच असतो आणि हजार फूट वर गेलं की तो साधारण एक इंचाने उतरतो. नागपूरची उंची तेवढीच. झिरो माइलच्या आवारातला सर्वेक्षणाचा दगड ती १०२० फुटांच्या घरात सांगतो. (झिरो माइल देशाचा मध्यबिंदू आहे की नाही, हा वाद वेगळा; उंचीबद्दल वाद नाही.) म्हणजे मुंबईत आयडलिंगला १७ दाखवणारी गाडी इथे १६ दाखवणार, आणि तिला काहीही झालेलं नसणार. तीच चिखलदऱ्याला नेली तर काटा आणखी अडीच इंच उतरेल. नागपुरात पट्टा १६ ते २१ असा वाचायचा, तोही इंजिन पूर्ण गरम आणि एसी बंद असताना. मे महिन्यात एसी चालू ठेवून घेतलेल्या रीडिंगवर कुणी इंजिनचा निकाल लावू नये.

दुसरा समज असा, की काटा खाली म्हणजे रिंगा गेल्या. काटा खाली असूनही स्थिर असेल, तर आधी संशय घ्यायचा तो हवेच्या गळतीचा: तडकलेला होज पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. बूस्टरची नळी चिमट्याने दाबून धरा. काटा लगेच वर आला तर गळती तिकडेच. त्यानंतर इग्निशनचं टायमिंग मागे पडलंय का, टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का, हे बघायचं. रिंगांची परीक्षा आयडलिंगला होतच नाही. एक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडा. काटा शून्याजवळ पडतो, मग उसळून नागपुरात २३-२४ पर्यंत जातो आणि परत जागेवर येतो. उसळीच कमी पडली, तर रिंगांवर शंका घ्यायला जागा आहे.

खरी माहिती आकड्यापेक्षा काट्याच्या चालीत असते. एखादा व्हॉल्व्ह जळला असेल तर त्या सिलिंडरची पाळी आली की काटा तीन-चार इंच खाली झटका मारतो. आठशे आरपीएमला प्रत्येक सिलिंडरची पाळी मिनिटाला चारशे वेळा येते, म्हणजे सेकंदाला सहा-सात झटके, एकसारख्या अंतराने. झटके अधूनमधून, अनियमित येत असतील तर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा प्लग मिस मारतोय. काटा सावकाश मागेपुढे डुलत असेल तर मिश्रण बिघडलंय. आणि गाडी अडीच हजारावर रेस करून धरल्यावर काटा हळूहळू घसरत राहिला, तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय. यातलं एकही दुखणं नुसत्या “सोळा” या आकड्यातून कळत नाही.

स्कॅनरवर दिसणारा मॅनिफोल्डचा दाब म्हणजे हेच रीडिंग, असंही अनेकजण समजतात. ते उलटं आहे. स्कॅनर पूर्ण दाब किलोपास्कलमध्ये सांगतो. तिथे आयडलिंगला तीस-चाळीसचा आकडा चांगला आणि जास्त आकडा म्हणजे व्हॅक्यूम कमी. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर नागपुरात ९७ च्या आसपास दिसायला हवं. तिथे १०१ दिसलं म्हणून खूश होऊ नका, सेन्सर तपासा.

डिझेल गाडीला मात्र हा गेज लावून उपयोग नाही. डिझेल इंजिन वेग कमीजास्त करतं ते हवा अडवून नव्हे, तर डिझेल कमीजास्त करून. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप बसवलेला असतो.

पेट्रोल गाडीच्या काट्यावर बोट ठेवून कुणी इंजिन खोलायला सांगितलं, तर होकार देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून मागा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या.